स्पीकरच्या डोक्यावर कॅसेटी नकोत

आजीच्या आवाजातल्या ओव्यांची एकुलती एक कॅसेट घरात असेल, तर ती स्पीकरवर किंवा त्याला टेकून अजिबात ठेवू नका. स्पीकरच्या पाठीमागचं जाडजूड चुंबक टेपवरचा आवाज कायमचा पुसट करू शकतं. चुंबकाचा जोर अंतराबरोबर झपाट्याने घटतो, त्यामुळे हातभर अंतर पुरतं. साधं होकायंत्र त्या जागी धरून बघा. सुई उत्तर सोडत नसेल तर जागा निर्धास्त.

शिल्डेड, म्हणजे चुंबकाचा जोर बाहेर फारसा पसरू न देणाऱ्या स्पीकरमध्ये मागे उलट्या दिशेने बसवलेलं दुसरं चुंबक आणि त्यावर लोखंडी टोपण असतं. पिक्चर ट्यूबच्या जुन्या टीव्हीशेजारी असेच स्पीकर हवेत, नाहीतर पडद्याच्या कोपऱ्यात जांभळे-हिरवे डाग उमटतात. सीडी आणि एलसीडी टीव्हीला मात्र काही होत नाही.