लेझरनंतर डोळा दुखतो तेव्हा: लॅसिक आणि पीआरकेचे पहिले काही दिवस

सुट्टी टाकण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या, लॅसिक की पीआरके? दोन्ही चष्मा घालवण्याचीच लेझर, पण दुखणं निराळं. लॅसिकमध्ये कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, पातळ पापुद्रा उचलून खाली लेझर देतात आणि तो परत बसवतात. भूल उतरली की चार-सहा तास जळजळ, चुरचुर, पाणी. घरी येऊन झोप काढली की बहुतेकांचं निभावतं.

पीआरकेमध्ये कॉर्नियाचा सगळ्यात वरचा थरच काढतात. तो कडेकडून मध्याकडे भरून यायला 3 ते 5 दिवस लागतात. तोवर डोळा म्हणजे खरचटलेला गुडघा. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात त्रासाचे. उजेड सहन होत नाही, पापणी उघडवत नाही. वर पट्टीसारखी बिननंबरी मऊ लेन्स बसवलेली असते. ती डॉक्टरच काढतील. निसटून पडली तर परत बसवू नका, दवाखान्यात कळवा.

सुन्न करणाऱ्या थेंबांचा असर अर्ध्या तासात ओसरतो, म्हणून लिहून दिलेली वेदनाशामक गोळी दुखणं चढायच्या आत, काहीतरी खाऊन घ्या. दमा, अल्सर किंवा किडनीचा त्रास असेल तर आधीच सांगा. बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत घालून, कोरड्या रुमालात गुंडाळून कपाळावर ठेवा, डोळ्यावर नाही. पडदे ओढा, मोबाईल लांब ठेवा. आणि ते सुन्न करणारे थेंब घरी मागू नका: बरं वाटतं, पण वरचा थर भरून येणंच लांबतं आणि कॉर्निया कायमचा बिघडू शकतो.

आता थेंब. बहुतेक जण इथेच चुकतात. हात साबणाने धुऊन कोरडे करा. वर बघा, खालची पापणी हलकेच ओढा, एकच थेंब टाका. दुसरा गालावरच जातो. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबा, नाहीतर औषध घशात उतरून कडू लागतं. दोन बाटल्यांमध्ये 5 मिनिटं जाऊ द्या. दुधाळ दिसणारं औषध तळाशी बसतं, ती बाटली हलवून घ्या. स्टेरॉइडचे थेंब मनाने बंदही करू नका, लांबवूही नका. त्यांनी डोळ्याचा दाब वाढला तरी दुखत नाही, तपासल्यावरच कळतं.

पीआरकेनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आधीपेक्षा धूसर दिसलं तर घाबरू नका. नव्या थराच्या कडा नेमक्या नजरेच्या मध्यावर येऊन मिळतात, म्हणून तसं होतं.

आठवडाभर आंघोळ मानेखालून करा. केस धुवायचे तर डोकं मागे टाकून, दुसऱ्याकडून. झोपताना प्लास्टिकचं कवच चिकटपट्टीने लावा, कारण डोळा झोपेतच चोळला जातो. काजळ दोन आठवडे नको, पोहणं महिनाभर नको. रंगपंचमी किंवा गुलालाची मिरवणूक तोंडावर असेल तर लेझरची तारीखच पुढे ढकला. पीआरकेवाल्यांनी उन्हात यूव्ही गॉगल काही महिने लावावा, नाहीतर कॉर्नियावर धुरकट डाग धरू शकतो.

कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढलं, लाली चढली, चिकट पू आला किंवा दिसणं कमी झालं, तर त्याच दिवशी दाखवा. लॅसिकनंतर डोळ्याला बोट लागून एकदम अंधुक झालं तर पापुद्रा सरकला असू शकतो. चोळू नका, कवच लावा आणि निघा. रात्र असली तरी.