पत्र्याचं शेड मृगाच्या आत उभं करायचंय? हिशोब मागून मांडा

आपल्याकडे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी कुठंही बघा, शेड मारायचा विचार सगळ्यांच्या डोक्यात एकदमच येतो. सुगी आटोपली, उसाचं बिल जमा झालं की फेब्रुवारी-मार्चमध्ये जो तो फॅब्रिकेटरच्या दारात, आणि मग वेल्डर मिळत नाही, हायड्रा (उचलायची क्रेन) मिळत नाही, पत्र्याला वेटिंग. मी पण तेच केलं होतं, वर्कशॉपसाठी ४० बाय ८० फुटांचं शेड मार्चमध्ये सुरू केलं आणि शेवटचे पत्रे जूनच्या पावसात भिजत मारले. म्हणून जे आधी माहीत असायला पाहिजे होतं ते सांगतो.

पहिलं म्हणजे तारीख मागून मोजा. मृग लागतो ७-८ जूनला, पण त्याच्या भरवशावर राहू नका, आपल्याकडं वळीव एप्रिल-मेमध्येच वारं घेऊन येतो. पत्रा मारून झाला पाहिजे १० मेच्या आसपास. त्याच्या आधी उभारणीला तीन आठवडे धरा, त्याच्या आधी फॅब्रिकेशनला सीझनमध्ये महिना-सव्वा महिना, आणि फौंडेशन त्याच्यासोबतच चालू पाहिजे. म्हणजे खड्डे फेब्रुवारीत, ऑर्डर डिसेंबर-जानेवारीत, ड्रॉइंग तर दिवाळीनंतर लगेच. मधल्या सुट्ट्या पण मोजा, होळीला बाहेरचे वेल्डर गावाला जातात, गावात महालक्ष्मीची यात्रा असली तर आठवडा गेलाच, आणि बेळगावात वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथाला कामावर कोण येतंय सांगा की, आणि येऊ पण नये. ते दिवस आधीच सोडून द्या.

कागदांचं काम खड्ड्याच्या आधी. शेतजमिनीत स्वतःच्या शेतीसाठी अवजाराचं शेड किंवा गोठा ही गोष्ट वेगळी, पण वर्कशॉप, गोडावून असेल तर एनए (जमीन बिगरशेती करून घेणं) लागतं, कर्नाटक भूमहसूल कायदा १९६४ चं कलम ९५. मग पंचायतीची परवानगी. कागद कन्नडमधून असतात, कळत नसेल तर कुणाकडून तरी वाचून घ्या आणि मगच सही करा, सर्व्हे नंबर आणि क्षेत्र स्वतः उताऱ्याशी ताडून बघा. लाईटचं पण आत्ताच बघा, पंपाच्या कनेक्शनवर वेल्डिंग करायचं नसतं आणि शेतातला थ्री फेज काही तासच असतो, हेस्कॉमकडं (आपली वीज कंपनी) टेम्पररी कनेक्शनला अर्ज टाका नाहीतर जनरेटरचं भाडं बजेटात धरा.

आता फौंडेशन, इथं मी सगळ्यात जास्त मार खाल्ला. खानापूरकडं तांबडी माती, खाली जांभा, काम सोपं. चिकोडी-अथणीकडं काळी माती असेल तर ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, मुरूम लागेपर्यंत खाली जावंच लागतं, इंजिनियरला जागेवर आणल्याशिवाय खोली ठरवू नका. आमच्या गवंड्याकडून काँक्रीट ओतताना फौंडेशन बोल्ट (खांब धरायला काँक्रीटमध्ये पुरलेले बोल्ट) हलले, कुणी बघितलं नाही, कॉलम म्हणजे लोखंडी खांब आले तेव्हा त्यांच्या बुडाच्या बेस प्लेटची भोकं बसेनात. गॅसनं भोकं मोठी करण्यात चार दिवस आणि हायड्राचं भाडं गेलं, आणि खरं तर तसं करणं पण चुकीचंच. बोल्टांना लोखंडी टेम्प्लेट लावून घ्या आणि ओतायच्या आधी अन् ओतल्यावर लगेच दोन्ही कर्ण मोजा. कॉलमचे सेंटर ४० बाय ८० फूट असतील तर कर्ण ८९ फूट सव्वापाच इंचाच्या आसपास आला पाहिजे, आणि दोन्ही कर्ण सारखे. क्युरिंगला (काँक्रीटवर पाणी मारत राहण्याला) घाई नको, ७ दिवसांत काँक्रीटला साधारण दोन तृतीयांश ताकद येते, पूर्ण ताकद २८ दिवसांत धरतात. एप्रिलमध्ये बोअरचं पाणी खाली जातं, टँकर लागणार असेल तर तो पण आधी सांगून ठेवा.

कोटेशनमध्ये दर किलोवर आहे की स्क्वेअर फुटावर ते बघा आणि दर किती दिवस चालेल ते लिहून घ्या. किलोवर असेल तर उसाची गाडी जशी काट्यावर घालता तशी लोखंडाची गाडी पण घाला, रिकामी आणि भरलेली, पावती आपल्याजवळ. पत्र्याला नुसतं ०.५० लिहिलं तर विचारा, कोटिंग धरून की नुसतं लोखंड? यात फरक पडतो. लोखंडाचा १ मिमी जाडीचा १ चौरस मीटर पत्रा ७.८५ किलो भरतो, ०.५० चा ३.९ किलोच्या आसपास, प्रोफाइल (पत्र्याच्या नाळ्या) मारायच्या आधीचा सपाट तुकडा मागून वजन करून बघता येतं.

उभारणी सुरू झाली की दोन फ्रेम उभ्या केल्या की त्याच दिवशी क्रॉस ब्रेसिंग (फ्रेम कलंडू नयेत म्हणून मधले तिरके आधार) लावून घ्या, उद्यावर ढकलू नका. वळवाचं वारं दुपारी चारला कधी उठेल सांगता येत नाही, आणि ब्रेसिंग नसलेली फ्रेम खाली माणसं असताना कलंडली तर काय होईल ते सांगायला नको. ढग दिसले की पत्र्यावरची माणसं खाली उतरवा. आलेले पत्रे गठ्ठ्यानं भुईवर टाकू नका, लाकडावर थोडे तिरके ठेवा, वारं खेळू द्या आणि दोरीनं बांधा, आत पाणी साठलं तर पांढरे डाग पडतात.

गटरचं शेवटी आठवतं सगळ्यांना. ४० बाय ८० चं छप्पर म्हणजे जवळपास ३०० चौरस मीटर, दिवसात १०० मिमी पाऊस झाला की ३०,००० लिटर पाणी. ते शेजारच्याच्या शेतात सोडलं तर भांडण ठरलेलं. गटरची साईज आणि पाणी कुठं सोडायचं ते ड्रॉइंगमध्येच दाखवून घ्या, जमलं तर बोअरजवळच्या खड्ड्याकडं वळवा.