बर्निंग मॅनची थीम आली, आता तिचं करायचं काय?

बर्निंग मॅन म्हणजे अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात दरवर्षी भरणारा कलेचा उत्सव, त्यात 'मॅन' नावाचा मोठा लाकडी पुतळा जाळतात आणि दरवर्षी उत्सवाचा एक विषय असतो, तीच थीम. पहिल्यांदा तिथे जाणारी आपली मराठी मंडळी थीम जाहीर झाली की पहिला प्रश्न हाच विचारतात, की मग कपडे कसले घ्यायचे? कपडे नंतर बघू हो. त्याआधी थीम कुठून येते आणि ती कशी वापरायची ते बघा, नाहीतर नेवाडाच्या वाळवंटात एवढं सामान ओढत न्यायचं आणि लोक नुसते फोटो काढून पुढे जाणार.

1986 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बेकर बीचवर लाकडी माणूस जाळला तेव्हा थीम वगैरे काही नव्हती, 1990 ला सगळं ब्लॅक रॉक वाळवंटात आलं तेव्हाही नव्हती. पहिली थीम 1995 ची, 'गुड अँड ईव्हिल'. पुढे बरीच वर्षं थीम मुख्यतः उत्सवाचे संस्थापक लॅरी हार्वे ठरवायचे आणि तिच्यावर एक छोटा निबंध लिहायचे, 2018 मध्ये ते गेल्यावर हे काम आयोजक संस्थेतले स्टुअर्ट मँग्रम बघतात. मतदान नसतं. एक उत्सव संपला की काही महिन्यांत पुढच्या वर्षीची थीम येते, म्हणजे बांधायला पुष्कळ वेळ मिळतो.

तर पहिलं काम म्हणजे तो निबंध पूर्ण वाचा, नुसतं नाव वाचून थांबू नका. 2013 ला 'कार्गो कल्ट' होतं, म्हणजे विमानांतून येणाऱ्या मालाला दैवी मानणाऱ्या पॅसिफिक बेटांवरच्या लोकांचा पंथ, नाव ऐकून लोकांना बेटं, विमानं, यूएफओ एवढंच सुचतं, पण मुद्दा असा होता की आपण रोज ज्या वस्तू वापरतो त्या येतात कुठून, कोण बनवतं, हे आपल्याला तरी कुठे ठाऊक असतं? निबंधात असा प्रश्न दडलेला असतोच, तो शोधा आणि एका ओळीत मराठीत लिहून काढा. एका ओळीत बसला नाही तर परत वाचा.

मग त्या प्रश्नावर येणारा माणूस आपल्याकडे *करेल* काय ते ठरवा, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. 2019 ला थीम होती 'मेटामॉर्फोसेस', म्हणजे रूपांतरं, आमच्या कॅम्पने भलंमोठं फुलपाखरू केलं, दिसायला छान, पण लोक यायचे, पंखांमध्ये उभं राहून फोटो काढायचे आणि निघून जायचे. 2022 ला 'वेकिंग ड्रीम्स' होती तेव्हा आम्ही फक्त दोन गाद्या, एक कंदील आणि एक वही ठेवली, शेवटचं आठवणारं स्वप्न लिहा आणि आधीच्या माणसाचं वाचा, एवढंच. लोक तासतासभर बसले, दोघं तर रडले. खर्च फुलपाखराच्या दहावा हिस्सासुद्धा नाही. आपल्या गणपती मंडळात कसं, हलत्या देखाव्यापुढे लोक आवाज संपेपर्यंत उभे राहतात पण वर्गणी गोळा करणारा, मंडप बांधणारा पोरगा वर्षभर त्या मंडळाचा असतो, तसं बघणाऱ्याला थोडं काम द्या म्हणजे तो तुमचा होतो.

आयोजक स्वतः थीम कशी वापरतात तेही बघून घ्या. मॅन ज्याच्यावर उभा असतो तो चौथरा बऱ्याचदा थीमप्रमाणे बदलतो, 2013 ला मॅन उडत्या तबकडीवर होता, 2016 च्या 'दा विंची'ज वर्कशॉप'ला तो चाकात बसवला होता आणि भोवती चौकात कारागिरांचे अड्डे. अर्धवर्तुळाकार रस्त्यांना इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने थीममधली नावं असतात, 2016 ला बॉटिचेली, डोनाटेलो असे रस्ते होते आणि त्यांना छेदणारे रस्ते घड्याळाच्या वेळांनी ओळखतात, म्हणून पत्ता सांगायचा वेळेसकट, म्हणजे साडेसात आणि बॉटिचेली. सगळ्यात आतला एस्प्लनेड मात्र दरवर्षी एस्प्लनेडच. पण माझ्यासाठी सगळ्यात भारी वापर 2007 च्या 'ग्रीन मॅन'चा. थीम निसर्गाची, तर सोलर पॅनेल आणून मॅनला वीज दिली आणि उत्सवानंतर जवळच्या गर्लॅक गावाच्या शाळेला सोलर देऊन टाकलं. थीम संपली, वीज राहिली.

थीम पाळायची सक्ती नाही बरं का. आयोजकांचं अनुदान, ज्याला तिथे ऑनरेरिया म्हणतात, ते मागायला आधी थोडक्यात कल्पना पाठवायची, ती आवडली तर पूर्ण प्रस्ताव मागतात, आणि मिळालं तरी पूर्ण खर्च निघत नाही हे धरूनच चाला. थीमबाहेरची कल्पनाही चालते, पण लोकांनी हात लावावा, आत शिरावं, वाजवावं असं काहीतरी तिच्यात असू द्या. ओढूनताणून थीम चिकटवू नका, वाचणाऱ्याला लगेच कळतं. आणि स्पॉन्सरचा लोगो अजिबात नाही, तिथे जाहिरात चालत नाही.

आता कपडे. थीममध्ये घाला, मजा येते, पण पिसं, सुटी चमकी, टिकल्या गळणारे कपडे नकोत. 2023 ला थीम 'ॲनिमेलिया' होती, प्राणीपक्षी म्हटल्यावर पिसांचा मोह होणारच, पण वाऱ्याने उडालेलं प्रत्येक पीस म्हणजे मूप, म्हणजे जिथे नको तिथे पडलेला कचरा, आणि उत्सव संपल्यावर माणसं रांगेने चालत जमीन तपासून तो हाताने वेचतात, मग सरकारी तपासणी होते. त्यात त्या वर्षी पाऊस पडला, गेट बंद झालं, मॅन शनिवारऐवजी सोमवारी रात्री जळला, चिखलात रुतलेलं काही उचलायचं म्हणजे काय हाल होतात विचारू नका. म्हणून कापड, लाकूड, रंग, पिसांऐवजी फेल्टचे कापलेले तुकडे पक्के शिवून वापरा, आणि जे बांधाल ते उलगडायला किती माणसं, किती तास लागतील ते घरच्या अंगणात एकदा करून बघून मगच गाडीत भरा.