विसाव्या शतकाच्या मध्यावरील रुमानियन फुटबॉलपटूची कारकीर्द कशी जुळवावी

रुमानियातील एखाद्या जुन्या फुटबॉलपटूविषयी लिहायला घेतले की गोल मोजण्याचा मोह आधी होतो. तो आवरावा, कारण १९३० ते १९६० या तीन दशकांत तेथे खेळाडूचे नाव, त्याच्या गावावर राज्य करणारा देश, क्लबचे नाव आणि हंगामाचा आरंभ या चारही गोष्टी बदलत राहिल्या. त्या ठरवल्याशिवाय केलेली बेरीज चुकते आणि एकाच माणसाची दोन माणसे होतात.

सुरुवात नावापासून करावी. रुमानिया आणि हंगेरी या दोन्ही देशांकडून खेळलेला युलियु बोदोला १९१२ साली ब्राशोव्हमध्ये जन्मला, तेव्हा ते शहर ऑस्ट्रिया-हंगेरीत होते. रुमानियन नोंदींत तो युलियु म्हणून आढळतो, तर हंगेरियन याद्यांत, आडनाव आधी लिहिण्याच्या तिकडच्या रीतीप्रमाणे, बोदोला ड्युला म्हणून. एखाद्या भाषेतील नोंद मिळाली नाही म्हणून तो त्या वर्षी खेळलाच नाही, असे लिहू नये. भावांच्या बाबतीत अधिक जपावे. रुमानियन संघयादीत पहिले नाव न देता आडनावापुढे रोमन क्रमांक घालण्याची पद्धत होती, त्यामुळे नुनवायलर भावांपैकी नुनवायलर तिसरा म्हणजे योन, चौथा म्हणजे लिका आणि सहावा म्हणजे रादू, हे माहीत नसेल तर एकाचे सामने दुसऱ्याच्या नावावर चढतात.

त्यानंतर नकाशा समोर ठेवावा, आणि या कामात घाई मुळीच करू नये. ३० ऑगस्ट १९४० रोजीच्या दुसऱ्या व्हिएन्ना निवाड्याने, म्हणजे जर्मनी व इटलीने दिलेल्या निर्णयाने, रुमानियाचा उत्तर ट्रान्सिल्व्हेनिया हा प्रदेश हंगेरीकडे गेला. त्यात ओरादेया आणि क्लुज ही फुटबॉलची मोठी केंद्रे गेली, तर तिमिशोआरा, आराद आणि ब्राशोव्ह रुमानियातच राहिली. ओरादेयाचा क्लब जागचा हलला नाही, पण नॉद्यवाराद या हंगेरियन नावाने तो हंगेरीच्या लीगमध्ये खेळू लागला आणि १९४३–४४ मध्ये तिथला विजेता ठरला. राजधानीबाहेरच्या संघाला हा मान तोवर कधी मिळाला नव्हता. युद्धानंतर शहर रुमानियाकडे परतले आणि १९४८–४९ मध्ये हाच क्लब आयसीओ ओरादेया या नावाने रुमानियाचा विजेता झाला. एकाच मैदानावरची ही दोन विजेतेपदे दोन देशांच्या इतिहासात विभागली गेली आहेत, आणि मला या सगळ्या विषयात याहून विलक्षण काही वाटत नाही. म्हणून प्रत्येक हंगामापुढे क्लबच्या नावाबरोबर लीगचा देशही लिहावा. बोदोलाच्या बाबतीत ही ओळ अशी होते: ओरादेया, मग १९३७ पासून बुखारेस्टचा वीनस व त्याच्यासह १९३८–३९ आणि १९३९–४० ची रुमानियन विजेतेपदे, पुढे नॉद्यवाराद व हंगेरियन विजेतेपद, युद्धानंतर क्लुजचा फेरार, आणि शेवटी बुडापेस्टचा एमटीके.

साम्यवादी राजवट आल्यावर क्लबांची नावे बदलली, तेव्हा तिसरी यादी नावांची करावी. आरादचा आयटीए हा कापडगिरणीचा संघ पुढे यूटीए झाला आणि १९५० नंतर काही वर्षे फ्लामुरा रोशिए, म्हणजे लाल निशाण, या नावाने खेळला. १९४७ साली स्थापन झालेला सैन्याचा संघ १९५० पासून सीसीए आणि १९६१ पासून स्तेआउआ म्हणून ओळखला गेला. आराद आणि सीसीए या दोन्ही संघांकडून खेळलेला, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला गेलेला योसिफ पेचोव्स्की अभ्यासायचा असेल, तर ही यादी हाताशी असायलाच हवी. नाहीतर आरादचा एकच क्लब तीन वेगळे क्लब म्हणून मोजला जातो.

हंगामाचे वर्ष लिहितानाही सावध राहावे. १९५० ते १९५६ या काळात रुमानियाची लीग सोव्हिएत धर्तीवर एकाच कॅलेंडर वर्षात, वसंतात सुरू होऊन शरदात संपत असे. १९५७–५८ पासून पुन्हा शरद ते वसंत हा क्रम आला. म्हणून १९५४ चे आरादचे विजेतेपद १९५३–५४ असे लिहिणे चूक आहे.

देशासाठीचे सामने सर्वांत शेवटी आणि वेगळ्या रकान्यात घ्यावेत. बोदोलाने १९३१ ते १९३९ दरम्यान रुमानियासाठी ४८ सामन्यांत ३० गोल केले, आणि तो विक्रम १९९० च्या दशकात गेओर्गे हाजीने मागे टाकेपर्यंत टिकला. १९४० नंतर तो हंगेरीकडून १३ सामने खेळला व ४ गोल केले. या दोन आकड्यांची बेरीज करून ६१ सामने असे एका देशाच्या नावावर लिहू नये. दोन्ही ओळी, त्यांच्या वर्षांसह, एकाखाली एक ठेवाव्यात.