सगळ्या चर्चच्या लोकांची एकत्र प्रार्थना कशी ठेवायची

ठाणे काय, वाशी-नेरूळ काय, एकाच बिल्डिंगमध्ये वसईचे कॅथलिक, नगरकडचे सीएनआयवाले (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे प्रॉटेस्टंट), केरळच्या मार थोमा चर्चचे मल्याळी आणि एखादं पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणारं) कुटुंब असतं, पण एकत्र प्रार्थना म्हटली की प्रत्येकाला वाटतं दुसरा आपल्याला त्याच्या चर्चमध्ये ओढायला बघतोय. ही भीती घालवली की निम्मं काम झालं.

तारीख १८ ते २५ जानेवारीमधली धरा, हा ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा जगभर पाळतात, त्यामुळे फादर किंवा पाळकसाहेबांना समजवायला सोपं जातं. त्यांना आधी भेटा, लोकांना नंतर बोलवा. जागा शक्यतो सोसायटीचा हॉल, म्हणजे यजमान-पाहुणे असं होत नाही.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट, प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. ते या कार्यक्रमात ठेवूच नका. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्च सहसा बाहेरच्यांना देत नाहीत, सीएनआयमध्ये बऱ्यापैकी मोकळं असतं, आणि उगाच "आपण सगळे एकच ना" म्हणून आग्रह केला तर कुणीतरी दुखावतंच. मला हे वेगळेपण मनापासून खटकतं पण ते लपवून केलेली एकी टिकत नाही, म्हणून जे प्रामाणिकपणे एकत्र करता येतं तेवढंच करा: बायबलचं वाचन, गाणी, आजाऱ्यांसाठी प्रार्थना. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा १७ वा अध्याय वाचा, त्यात येशू स्वतः शिष्यांच्या ऐक्यासाठी प्रार्थना करतोय.

प्रभूची प्रार्थना (येशूने शिकवलेली, "हे आमच्या स्वर्गातील पित्या") म्हणताना गोंधळ होतो बरं का, प्रॉटेस्टंट शेवटी "राज्य, पराक्रम, गौरव" जोडतात, कॅथलिक आधीच थांबतात. आधी ठरवा आणि कागद छापून वाटा. मरियेची आणि संतांची प्रार्थना आपापल्या घरी, आणि पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या "अन्य भाषांत" प्रार्थना करणाऱ्या भावांनाही तेवढ्याच प्रेमाने आधी सांगा की तीही घरीच.

बाप्तिस्म्यावरून (ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी) वाद निघणारच. लहानपणीचा चालतो का, परत घ्यायचा का, वगैरे. तेव्हा सांगा की १९७० मध्ये नागपूरला सहा चर्च मिळून सीएनआय झालं, त्यात बाळांचा बाप्तिस्मा मानणारे अँग्लिकन पण होते आणि मोठेपणीचाच मानणारे बाप्टिस्ट पण, आणि दोन्ही पद्धती ठेवल्या गेल्या. १९९९ मध्ये तर कॅथलिक आणि लूथरन (मार्टिन लूथरच्या परंपरेतले प्रॉटेस्टंट) यांनी, ज्या मुद्द्यावरून चारशेहून जास्त वर्षं भांडले त्या "देवाच्या कृपेने तारण" या विषयावर एकत्र निवेदनावर सह्या केल्या. सगळे मतभेद मिटले असं नाही, पण बोलणं सुरू राहिलं.

एक नियम मात्र कडक ठेवा, कुणी कुणाला "आमच्या चर्चला या" म्हणायचं नाही, फोन नंबरही त्यासाठी घ्यायचे नाहीत. आणि दानपेटी फिरवू नका, हॉलचं भाडं आणि चहाचा खर्च कार्यक्रम ठेवणाऱ्यांनी आपसात वाटून घ्या. पुढच्या वर्षी कार्यक्रम ठेवणारे दुसऱ्या चर्चचे, हे चहा पितानाच ठरवून टाका.