कॅराव्हॅन ओढताना डुलू नये म्हणून काय करावं

गाडीमागे पहिल्यांदा कॅराव्हॅन (ओढून न्यायचं चाकांवरचं घर) किंवा बोटीचा ट्रेलर लावणाऱ्याला जो तो एकच सल्ला देतो: सावकाश चालव आणि रिव्हर्सचा सराव कर. दोन्ही गोष्टी कराव्यातच. पण रिव्हर्स चुकला तर एखादा दिवा फुटतो, फार तर पत्रा चेपतो. माणसं जिवानिशी जातात ती भर वेगात ट्रेलर डुलायला लागतो तेव्हा. आणि तो डुलणार की नाही, हे बरंचसं सामान भरतानाच ठरून गेलेलं असतं. म्हणून सामान भरण्याबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे, बाकीचं थोडक्यात.

निघण्याआधी

गाडी किती वजन ओढू शकते, ट्रेलरचं भरलेलं वजन किती चालतं आणि तुमच्या लायसन्सवर काय ओढता येतं, हे तुम्ही तपासलं आहे असं मी धरून चालतो. लायसन्सचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. युरोपीय संघात साध्या बी वर्गाच्या लायसन्सवर ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर चालतो; त्याहून जड असेल तर गाडी आणि ट्रेलर यांचं मिळून कमाल वजन ३,५०० किलोच्या आत लागतं. ब्रिटनमध्ये १६ डिसेंबर २०२१ पासून कारच्या लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर वेगळी परीक्षा न देता ओढता येतो. परीक्षा नसली तरी एक दिवस प्रशिक्षकाबरोबर काढाच. शेजारी बसून कोणी चूक दाखवल्याशिवाय काही सवयी सुटत नाहीत.

एक गोष्ट मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ट्रेलरच्या दांडीचा जो भार गाडीच्या बॉलवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्यावर येतो, तो गाडीत भरलेल्या सामानातच धरायचा असतो. पाच माणसं, डिकीत ठासून सामान आणि वर बॉलवर ९० किलो, इतकं झालं की ‘आमची गाडी दोन टन ओढते’ या वाक्याला काही अर्थ उरत नाही.

जोडणी

बॉलचं माप कपलरवर, म्हणजे दांडीच्या टोकाला बॉलवर बसणाऱ्या कुलपावर कोरलेलं असतं, ते जुळवा. युरोपात बॉल ५० मिलिमीटरचा, अमेरिकेत बऱ्याचदा दोन इंची, म्हणजे ५०.८ मिलिमीटरचा. फरक डोळ्याला दिसत नाही, पण दोन इंची कपलर ५० मिलिमीटरच्या बॉलवर सैल बसतो. कपलर बसला की पुढच्या जॅकने दांडी थोडी वर उचलून पाहा. गाडीचा मागचा भाग बरोबर उचलला गेला तर कुलूप लागलं आहे. सेफ्टी चेन असतील तर दांडीखालून एकमेकींवर फुली मारून लावा, म्हणजे कपलर निसटलाच तर दांडी रस्त्यावर न आपटता चेनच्या झोळीत पडते. ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटलाच तर त्याचा ब्रेक लावणारी तार) त्यासाठी दिलेल्या जागीच अडकवायची, नुसती बॉलवर टाकायची नाही. दिवे लावून बघा. टायरची हवा टायर थंड असताना मोजा. कॅराव्हॅनचे टायर झिजण्याआधी उभ्या उभ्या म्हातारे होतात. टायरवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा सांगतात आणि शेवटचे दोन वर्ष. नक्षी नवी दिसली तरी तो आकडा वाचा.

वजन कुठे ठेवायचं

बैलगाडी हाकणाऱ्यांकडे यासाठी दोन नेमके शब्द आहेत. भार पुढे जास्त झाला की गाडी धुरजड, मागे जास्त झाला की उलाळ. धुरजड गाडीत बैलांच्या मानेवर ओझं येतं, उलाळ गाडीत जू वर उचललं जातं. कॅराव्हॅनचंही हेच आहे. धुरजड झाली तर गाडीचा मागचा भाग बसतो, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग आणि ब्रेक नीट पकडत नाहीत. उलाळ झाली तर ती डुलते. दोन्ही वाईट, पण उलाळ जास्त घातक, कारण उभी असताना ती अगदी व्यवस्थित दिसते. उलट दांडी हाताने सहज उचलली जाते म्हणून लोक खूश होतात. ‘मागे थोडं वजन टाक, गाडीवर भार कमी येईल’ हा सल्ला मी आजही ऐकतो. देणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा.

मीही हा सल्ला एकदा पाळला होता. माझ्या भरलेल्या कॅराव्हॅनचं वजन साधारण १,००० किलो होतं आणि बॉलवर ९० किलो भार यायचा. मी मागच्या बाजूला स्टँड लावून दोन सायकली टांगल्या, शेजारी हत्यारांची पेटी ठेवली. सगळं मिळून ६० किलो. १,००० किलोच्या कॅराव्हॅनला ६० किलोने काय होतंय, असं वाटलं. पण ते ओझं चाकांच्या आसापासून तीन मीटर मागे होतं आणि बॉल आसापासून चार मीटर पुढे. साठ गुणिले तीन भागिले चार, म्हणजे ४५ किलो बॉलवरून उचलले गेले. ९० चे राहिले ४५, आणि कॅराव्हॅनचं वजन झालं १,०६०. म्हणजे बॉलवर एकूण वजनाच्या चार टक्क्यांच्या जरा वर. हा हिशोब मी घरी परत आल्यावर मांडला. निघण्याआधी मांडला असता तर पाच मिनिटं लागली असती.

झालं ते असं. लांब उतार होता, वेग नव्वदच्या पुढे गेलेला. एक मोठा ट्रक उजवीकडून पुढे गेला. त्याच्या हवेच्या लोटाने कॅराव्हॅन आधी बाहेर ढकलली गेली, मग आत ओढली गेली. आरशात तिची मागची कड एकदा दिसली, नाहीशी झाली, पुन्हा दिसली, आणि दर वेळी जास्त दिसायला लागली. मी स्टिअरिंग उलट बाजूला फिरवून तिला सरळ करायला बघत होतो आणि दर वेळी अर्धा सेकंद उशिरा पोहोचत होतो. त्यामुळे माझा प्रत्येक प्रयत्न पुढच्या हेलकाव्याला जोरच देत होता. गाडीची मागची चाकं घसरल्याचं सीटखाली जाणवलं. वाचलो ते उतार संपून चढ लागला म्हणून.

तेव्हापासून मी पाळत आलो ते नियम असे. जड सामान खाली, जमिनीलगत, आणि आसाच्या जवळ, किंचित पुढे. मधलं सामान त्याच्या पुढे-मागे. वरच्या कपाटात फक्त कपडे आणि पांघरुणं. पाण्याची टाकी विसरू नका: एक लिटर म्हणजे एक किलो, आणि ती आसाच्या पुढे आहे की मागे यावर भरलेली बरी की रिकामी, हे ठरतं. सांडपाण्याची टाकी मागे असेल तर निघताना रिकामी करा.

आणखी एक चूक हुशार माणसंही करतात. बॉलवरचा आकडा बरोबर यावा म्हणून ते मागच्या ओझ्याच्या बरोबरीने पुढच्या टोकालाही ओझं ठेवतात. काटा बरोबर दाखवतो, पण कॅराव्हॅन आता डंबेलसारखी झालेली असते. दोन्ही टोकांना वजन असलेली वस्तू एकदा फिरायला लागली की थांबता थांबत नाही. म्हणून बॉलवरचा भार बरोबर हवाच, शिवाय वजन मध्यभागीही हवं. जड सामान मुळात गाडीच्या डिकीत जाऊ शकत असेल तर तिथेच टाका, गाडीची मर्यादा सांभाळून.

भार अंदाजाने ठरवू नका, मोजा. जमीन सपाट हवी, ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे हवेत, आणि सामान सगळं भरलेलं हवं. घरातल्या वजनकाट्यावर लाकडाचा ठोकळा उभा करून कपलर त्यावर टेकवा. उंची अशी ठेवा की ट्रेलर प्रवासात असतो तसाच सरळ राहील. काट्याच्या आवाक्याबाहेरचं वजन असेल तर मजबूत फळी घ्या: एक टोक काट्यावर, दुसरं तितक्याच उंचीच्या विटेवर. नुसत्या फळीचा आकडा आधी टिपून ठेवा. मग दांडी विटेपासून एक फूट आणि काट्यापासून दोन फूट अंतरावर टेकवा. आलेल्या आकड्यातून फळीचा वजा करून तीनने गुणा.

किती हवा? अमेरिकेत ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के सांगतात. युरोपात ५ ते ७ टक्के, कारण तिथल्या गाड्यांच्या बॉलवर मुळात कमी भार चालतो आणि कॅराव्हॅनसाठी वेगमर्यादाही कमी असते. मी स्वतः गाडीच्या, हिचच्या (बॉल ज्यावर बसवलेला असतो त्या सांगाड्याच्या) आणि दांडीच्या पाट्यांवर जी सर्वांत लहान मर्यादा लिहिलेली असते, तिच्या जवळपास जातो, पण ती ओलांडत नाही. टक्केवारी त्या मर्यादेत बसत नसेल तर तो ट्रेलर त्या गाडीसाठी नाही. जोडल्यावर मागच्या चाकावरच्या कमानीची जमिनीपासूनची उंची टेपने मोजा आणि जोडण्याआधीच्या उंचीशी ताडून पाहा. पुढची कमान वर उचलली गेली असेल तर कुठेतरी चुकलंय.

घर्षणाने डुलणं रोखणारे कपलर मिळतात, ते चांगले आहेत. त्यांच्याबरोबर बॉलला ग्रीस लावू नका, नाहीतर घर्षणच राहत नाही. पण चुकीचं भरलेलं सामान असल्या उपकरणाने सुधारत नाही. ते फक्त संकटाचा वेग थोडा पुढे ढकलतं.

डुलायला लागलाच तर

गाडी आणि ट्रेलरच्या प्रत्येक जोडीचा एक वेग असतो. त्याच्या खाली बसलेला धक्का आपोआप विरतो, त्याच्या वर तो वाढत जातो. उतार, आडवा वारा, बाजूने जाणारा ट्रक, झटक्यात बदललेली लेन, यांपैकी काहीही निमित्त पुरतं. म्हणून करायचं एकच: वेग त्या रेषेखाली आणायचा. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवा, ट्रेलरच्या मागे मागे फिरवू नका. गाडीचा ब्रेक जोरात दाबू नका. ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असेल आणि हाताने चालवायचा कंट्रोलर असेल तर नुसता ट्रेलरचा ब्रेक हलकेच लावा. तो मागून ओढून धरतो.

‘ॲक्सिलरेटर दे, ताण बसून सरळ होईल’ हे कोणी सांगितलं तर ऐकू नका. उतारावर इंजिनात तितका जोर उरलेला नसतो, आणि सरळ झालाच तरी तुम्ही आता आधीपेक्षा जास्त वेगात असता.

एकदा डुलल्यावर तसंच पुढे जाऊ नका. सुरक्षित जागी थांबा, सामान हलवा, हवा बघा.

रस्त्यावर

८० वरून १०० ला गेलात की थांबवायची ऊर्जा दीडपटीहून जास्त होते, त्यामुळे पुढच्या वाहनापासून अंतर भरपूर ठेवा. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाका, मध्यावर नाही. वळताना ट्रेलरची चाकं आत कापतात, म्हणून थोडं पुढे जाऊन वळा. ट्रेलरच्या रुंदीला पुरतील असे जादा आरसे लावा. चाक नुकतंच बसवलं असेल तर ८० किलोमीटरच्या आत थांबून नट पुन्हा आवळा. चालत्या कॅराव्हॅनमध्ये कोणीही बसायचं नाही, झोपलेलं मूलसुद्धा नाही.

रिव्हर्स

हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. तिथून हात डावीकडे नेलात की ट्रेलरचा मागचा भाग डावीकडे जातो, उजवीकडे नेलात की उजवीकडे. यापुढे उलट-सुलट विचार करायची गरज नाही. हात थोडाच हलवा, गाडी मुंगीच्या पावलांनी न्या. कोन वाढला की हट्ट करू नका, पुढे जाऊन सरळ व्हा. मोकळ्या मैदानात दोन तास द्या. आखूड ट्रेलर लांबपेक्षा पटकन दुमडतो, म्हणून तो सोपा असेल असं समजू नका. बाहेर उभा राहून दिशा दाखवणारा माणूस आरशात दिसेनासा झाला की त्याच क्षणी ब्रेक.

मुक्कामी

आधी चाकांना ठोकळे, मग ट्रेलरचा हँडब्रेक, मग केबल, चेन आणि वायर, आणि सर्वांत शेवटी कपलर. जमीन सपाट दिसते म्हणून ठोकळे राहू देऊ नका. सुटलेली कॅराव्हॅन आधी इतकी हळू सरकते की माणूस ती हाताने थांबवायला पुढे जातो.