वॉटरमार्किंग शिकायला घेताना

बडोद्यात नवरात्रात काढलेले गरब्याचे फोटो बघता बघता दुसऱ्याच्या नावावर फिरू लागतात. मग स्टुडिओवाले म्हणतात, वॉटरमार्क, म्हणजे फोटोत मालकीची खूण, टाका की चोरी थांबेल. या कामात येणाऱ्याने ही समजूत आधी सोडावी. चोरी झाल्यावर माल कोणाचा आणि कोणाच्या हातून फुटला, एवढंच वॉटरमार्क सांगतो. म्हणून खूण घालण्यापेक्षा ती परत वाचता येण्याला जास्त किंमत आहे.

दिसणारा लोगो ग्राहकाला नमुने दाखवण्यापुरता ठीक. कोपऱ्यातला लोगो सहज कापला जातो. तो अर्धपारदर्शक करून कपड्यांवरून तिरका न्या.

न दिसणाऱ्या खुणेची सुरुवात बहुतेक जण एलएसबीने, म्हणजे सगळ्यात कमी किमतीच्या बिटाने, करतात. पिक्सेलचा आकडा ० ते २५५, त्याचा शेवटचा बिट बदलायचा. फरक फार तर १ चा. सगळे पिक्सेल वापरले तरी पीएसएनआर (फोटो मूळ फोटोच्या किती जवळ आहे ते सांगणारा आकडा, जास्त तितका चांगला) ५१ डेसिबलच्या आसपास राहतो. पण फोटो एकदा जेपेगमध्ये सेव्ह झाला की खूण पुसली जाते, कारण जेपेग हेच बारीक फरक टाकून देतं. पायथनमध्ये एका संध्याकाळी करून बघा आणि पुढे चला.

खरा अभ्यास डीसीटीपासून, म्हणजे फोटोचा तुकडा संथ आणि झपाट्याने बदलणाऱ्या लहरींत (फ्रिक्वेन्सींत) मोडणाऱ्या गणितापासून. फोटोच्या फक्त उजेडाच्या चॅनेलचे ८×८ पिक्सेलचे ठोकळे करा. प्रत्येकाचा डीसीटी काढून मधल्या फ्रिक्वेन्सीचे दोन सहगुणक, म्हणजे त्या लहरींचा जोर सांगणारे आकडे, निवडा. पहिला मोठा ठेवला तर १, दुसरा मोठा ठेवला तर ०. खालच्या फ्रिक्वेन्सीला हात लावला की डाग दिसतात आणि वरची जेपेग उडवतं. ५१२×५१२ च्या फोटोत असे ४०९६ ठोकळे मिळतात, म्हणजे ग्राहक ओळखणारा ३२ बिटांचा कोड १२८ वेळा बसतो. वाचताना प्रत्येक बिटासाठी बहुमत घ्या.

नवखे अडतात ते इथे. कोणी डावीकडून ३ पिक्सेल कापले की ठोकळ्यांची जाळी सरकते आणि कोड शाबूत असूनही वाचणाऱ्याला कचराच मिळतो. उपाय असा: ३२ बिट ८×४ ठोकळ्यांच्या चौकटीत मांडा आणि तीच चौकट फोटोभर पुन्हा पुन्हा ठेवा. त्यातले १६ बिट आधीच ठरलेले असू द्या. चौकट ६४×३२ पिक्सेलची, म्हणून सरकण्याच्या २०४८ शक्यता तपासाव्या लागतात. ठरलेले १६ बिट जुळले की जागा सापडली. उरलेल्या १६ बिटांत ६५,५३६ वेगळे ग्राहक मावतात, स्टुडिओला पुरून उरतील इतके.

व्हॉट्सॲप फोटोचा आकार बदलतं, त्यामुळे जाळीचं मापच चुकतं. वाचण्याआधी फोटो मूळ मापावर आणावा लागतो. म्हणून मूळ लांबी-रुंदी, कोड, ग्राहक आणि मूळ फाइलचा एसएचए-२५६ हॅश (फाइलचा ठसा, फाइल जराशी बदलली तरी तो बदलतो) नोंदवहीत हवाच. ही वही नसेल तर वाचलेला कोड कोणाचा, हे सांगता येणार नाही.

चाचणी निर्दयपणे घ्या: जेपेगचा दर्जा ९०, ७०, ५०, कडेने कापणं, आकार निम्मा, स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो. शेवटची सगळ्यात अवघड. चुकलेल्या बिटांचं प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास आलं तर खूण गेलीच, कारण नाणं उडवूनही तेवढंच जुळतं. पीएसएनआर ४० च्या वर ठेवा, पण त्यावर विसंबू नका. आभल्यांच्या चणियाचोळीत खूण लपते, मागच्या सपाट काळ्या आकाशात उठून दिसते. तिथे जोर कमी करा.

सिनेमागृहांत हेच तत्त्व चालतं. डिजिटल सिनेमाच्या डीसीआय (हॉलिवूड स्टुडिओंची संस्था) मानकानुसार दर ५ मिनिटांच्या चित्रात ३५ बिट असतात: १६ वेळेचे, १९ जागेचे. कॅमेऱ्याने चोरून टिपलेली प्रत कुठल्या पडद्यावरची, ते त्यावरून कळतं.

कायदाही वाचून ठेवा. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आलेल्या कलम ६५ब नुसार हक्कांची माहिती अधिकार नसताना जाणूनबुजून काढून टाकणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. तक्रारीच्या वेळी मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्यातली, प्रक्रिया न केलेली) आणि ती नोंदवही हाताशी ठेवा.